सोलापूर जिल्ह्यातलं शेतीचं पाणी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मोहोळ तालुक्यातला शेतकरी. गेली बरीच वर्षं गावोगावच्या बैठकांना जातो, कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर बसतो, आणि फिरून फिरून तेच प्रश्न कानावर येतात. उत्तरं दर वेळी अर्धवट राहतात, कारण कोणाची एसटी सुटत असते, कोणाची लाईट आलेली असते. म्हणून इथे सवडीने लिहून ठेवतोय.

आपल्याकडे पाऊस पडतो तरी किती?

जिल्ह्याची वर्षाची सरासरी ५०० ते ५५० मिलिमीटरच्या घरात आहे. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, ढग घाटावर रिते होऊन मग आपल्याकडे येतात. पण सरासरीवर पीक येत नाही. जूनमध्ये पेरणीची आशा लावणारा पाऊस, मग जुलै-ऑगस्टमध्ये ताण, आणि भरवशाचा पाऊस सप्टेंबरात, असं आपलं वर्ष असतं. म्हणूनच वाडवडिलांनी हा जिल्हा रब्बीचा मानला. ऑक्टोबर २०२० मध्ये दोन दिवसांत शेतं वाहून गेली, सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने महापूर दाखवला. त्या वर्षांची सरासरी कागदावर छान दिसते, शेतातली माती मात्र परत आली नाही.

माझ्या एकराला किती पाणी लागेल, हे कसं मोजायचं?

एकच आकडा पाठ करा. एक एकरावर एक इंच पाणी उभं केलं, तर ते साधारण एक लाख लिटर होतं. ४,०४७ चौरस मीटर जागा, त्यावर २५ मिलिमीटर थर. गुणाकार करून बघा.

हा आकडा हाती आला की बाकीचं आपोआप उलगडतं. वर्षाला ५५० मिलिमीटर पाऊस झाला, तर तुमच्या प्रत्येक एकरावर २२ लाख लिटर पाणी आभाळातून पडतं. त्यातलं काही वाहून जातं, काही उडून जातं, उरलेलं मातीत आणि खाली खडकात जातं. आता ऊस घ्या. पाटपाण्यावरच्या उसाला २,००० ते २,५०० मिलिमीटर पाणी धरतात, म्हणजे एकरी ८० लाख ते १ कोटी लिटर. २२ लाख वरून आले, बाकीचे कुठून आणायचे? ज्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर आहे त्याने ऊस लावावा.

विहिरीत किती पाणी आहे ते कसं कळणार?

दोरीला दगड बांधून सोडा. दोरीचा ओला भाग मोजा, तेवढी पाण्याची खोली. आठ मीटर व्यासाच्या गोल विहिरीचं क्षेत्र सुमारे ५० चौरस मीटर भरतं, म्हणजे एक मीटर पाणी म्हणजे ५० हजार लिटर. दोन मीटर पाणी उपसलं की एका एकराला एक इंच मिळालं.

पण साठ्यापेक्षा पाझर महत्त्वाचा. संध्याकाळी मोटर बंद करून खूण करा, सकाळी पुन्हा मोजा. रात्रीतून किती चढलं? आमच्या विहिरीत डिसेंबरात रात्रीतून पाच फूट चढतं, मार्चमध्ये दीड फूट, एप्रिलच्या शेवटी चार बोटं. माझे वडील विहिरीच्या कडेला दगडावर खडूने रेघा मारत. मी वहीत लिहितो. पाच-सहा वर्षांच्या नोंदी झाल्या की दिवाळीला विहिरीत वाकून बघितलं तरी एप्रिलमध्ये काय होणार ते सांगता येतं.

उजनी "उणे" झाली म्हणतात. धरणात पाणी शून्याच्या खाली कसं जातं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो नीट समजून घ्यायलाच हवा, कारण अर्ध्या जिल्ह्याचं पीक याच आकड्यावर उभं असतं.

माढा तालुक्यात भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. त्याचा उपयुक्त साठा, म्हणजे वापरासाठी धरलेलं वरचं पाणी, ५३.५७ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि मृत साठा, म्हणजे त्याखाली राखून ठेवलेलं पाणी, ६३.६६ टीएमसी. म्हणजे धरण शंभर टक्के भरलं की एकूण ११७ टीएमसीच्या वर पाणी असतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मृत साठ्यात. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्यावर काढतात. तो संपला की शून्य. त्याखाली उतरलं की उणे.

"उणे ३० टक्के" असं वाचलं, तर ५३.५७ चे ३० टक्के, म्हणजे सुमारे १६ टीएमसी, मृत साठ्यातून उचललेलं आहे. शिल्लक साधारण ४७ टीएमसी. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेलं होतं, तेव्हाही जवळपास ३१ टीएमसी पाणी कागदावर होतंच. कागदावर म्हणतो, कारण तळाशी गाळ आहे, आणि त्या गाळाने किती जागा खाल्ली ते टक्केवारीत दिसत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मृत साठ्याची पातळी ४९१.०३ मीटर, पूर्ण भरल्यावरची ४९६.८३ मीटर. म्हणजे आपण ज्या ५३ टीएमसीवर भांडतो, ते पाणी वरच्या जेमतेम ५.८ मीटरच्या थरात आहे. धरण खोल नाही, पसरट आहे. पसरट भांड्यातलं पाणी उन्हात लवकर उडतं, हे घरातल्या बाईला सांगावं लागत नाही. पाणी फार उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडतं आणि लोक बघायला जातात. मला ते दृश्य कितीही सुंदर असलं तरी बघवत नाही.

मग उजनी १०० टक्के भरली, तर वर्षाची चिंता मिटली ना?

नाही. कालव्याची आवर्तनं (ठरवून सोडलेल्या पाण्याच्या पाळ्या), उपसा योजना, बॅकवॉटरवरच्या मोटारी, शहरांचं पिण्याचं पाणी, उद्योग, बाष्पीभवन, सगळे वाटेकरी त्यातच. सोलापूर शहरासाठी भीमेतून औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडलं की पोहोचतं त्याहून कितीतरी जास्त सोडावं लागतं, कारण वाटेत नदी पिते आणि काठही पितो.

एक टीएमसी म्हणजे किती?

एक अब्ज घनफूट. लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी.

आवर्तन कोण ठरवतं? आणि आमच्या टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत, पाणी का येत नाही?

आवर्तन कधी आणि किती दिवसांचं, हे कालवा सल्लागार समितीत ठरतं. तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. त्याआधी तुम्ही पाण्याची मागणी नमुना नंबर ७ वर नोंदवलेली असली पाहिजे. पुष्कळ जण नोंदवत नाहीत, "सगळ्यांना येईल तसं मला येईल" म्हणतात. कागदावर मागणी कमी दिसली की पाणीही कमी ठरतं, आणि मग तक्रारीला आधार राहत नाही.

टेलचं दुखणं मी स्वतः भोगलंय. रात्री दोन वाजता चारीवर, म्हणजे शेताकडे येणाऱ्या लहान पाटावर, बॅटरी घेऊन बसायचं. पाणी दिसायच्या आधी ऐकू येतं: कोरड्या चारीतला पालापाचोळा सरकतो, बारीक कुरकुर होते. मग फेस येतो, फेसावर काड्या, मुंगळे, बाभळीच्या शेंगा, आणि त्यामागून पाणी. आपण फावड्याने दार मोडून पहिल्या साऱ्यात पाणी घेतो. चार सारे भिजतात न भिजतात तोच पाण्याची धार बारीक होते. वर कोणीतरी दार फिरवलेलं असतं किंवा सायफन टाकलेला असतो. पहाटेपर्यंत चारीत नुसती ओल राहते. गव्हाचा निम्मा तुकडा हिरवा, निम्मा पिवळा, हे आमच्या घरात तीन वर्षं चाललं. तक्रारीचे अर्ज दिले, उत्तर कधी आलं नाही.

कारणं एकाच माणसावर ढकलून चालणार नाही. चाऱ्यांत गाळ आणि वेड्या बाभळी आहेत, दारं मोडलेली आहेत, आणि वरच्या भागात जिथे आठमाही पिकं धरली होती तिथे बारमाही ऊस उभा आहे. उपाय त्यातल्या त्यात एकच चालताना दिसला: पाणी वापर संस्था. २००५ च्या कायद्याने संस्थेला पाणी मोजून, घनमापनाने मिळतं, आणि संचालक मंडळावर वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातल्या शेतकऱ्यांना जागा असते. शेजारच्या एका वितरिकेवर संस्थेने टेलपासून सुरुवात करून वर येत पाणी द्यायचं ठरवलं. पहिल्या वर्षी बाचाबाची झाली. आता तिथे रात्री दोन वाजता कोणाला बसावं लागत नाही. मात्र जिथे संस्था फक्त अनुदानासाठी कागदावर उभी केली, तिथे काहीच बदललेलं नाही.

बोअर किती खोल घ्यावा?

आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे. वर माती, मग मुरूम, मग फुटका खडक, मग अखंड कातळ. पाणी राहतं ते मुरमात, फुटक्या खडकात आणि भेगांत. अखंड कातळात पाणी धरायला जागाच नाही. खोल गेल्यावर कधी कधी एखादी भेग लागते आणि जोरात पाणी येतं, पण ते वर्षानुवर्षं साठलेलं असतं. उपसलं की लवकर भरून येत नाही.

कायदाही माहीत असू द्या. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ प्रमाणे शेतीसाठी किंवा उद्योगासाठी ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फूट किंवा त्याहून खोल विहीर अगर बोअर घ्यायला मनाई आहे. प्रत्यक्षात गावोगाव सातशे-आठशे फुटांच्या गप्पा चालतात.

मी २०१३ मध्ये तीन बोअर मारले. पाणाड्याने हातावर नारळ धरून जागा दाखवली, नारळ उभा राहिला. गाडीवाल्याने रात्रीतून पाइप उतरवले, फुटामागे पैसे. पहिला कोरडा. दुसऱ्याला दीड इंची धार लागली, ती आठ महिन्यांत आटली. तिसऱ्यात नुसती धूळ उडाली, पांढरी, तोंडावर बसणारी. बायकोचे दागिने गहाण पडले ते सोडवायला चार वर्षं गेली. म्हणून सांगतो, त्या पैशात विहिरीतला गाळ काढा, ओढ्याचं पाणी विहिरीकडे वळवा. आणि बोअर आधीच असेल तर त्याचं पुनर्भरण करा: केसिंगभोवती (बोअरच्या वरच्या पाइपभोवती) दोन मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा, केसिंगला बारीक भोकं आणि त्यावर जाळी, मग खालून वर मोठे दगड, लहान दगड, खडी, वाळू. शेतातलं स्वच्छ वाहतं पाणीच त्यात जाऊ द्या. गोठ्याचं किंवा गटाराचं पाणी चुकूनही नको.

ऊस लावावा की नाही?

उसाला शिव्या देणं सोपं आहे. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आपला जिल्हा येतो, आणि ऊस हे एकच पीक आहे ज्याला गिऱ्हाईक ठरलेलं, दर ठरलेला, आणि सोसायटीचं कर्जही सहज मिळतं. कांद्याचा दर बाजार समितीच्या आवारात एका दिवसात पडतो. मुलीचं लग्न ठरलेला माणूस ऊसच लावणार. त्याला मी चुकीचं म्हणत नाही.

पण आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की सोळा-अठरा महिने रानात राहतो. मधला एक अख्खा उन्हाळा त्याला पार करायचा असतो. मेमध्ये तुमच्या विहिरीत रात्रीतून किती पाणी चढतं, त्यावर उसाचं क्षेत्र ठरवा, ऑगस्टमध्ये चढतं त्यावर नाही. पाच एकरांची हौस असेल आणि मेचं पाणी दीड एकराचं असेल, तर दीडच एकर लावा. वाळलेला ऊस जनावरांच्या छावणीला विकण्यापेक्षा ते बरं. पाचट जाळू नका, सरीत पसरा. आणि पाटाने देत असाल तर एकाआड एक सरी भिजवा.

ठिबक बसवलं, तरी पाणी का पुरत नाही?

कारण ठिबकने वाचलेलं पाणी आपण वाचवत नाही, क्षेत्र वाढवतो. दोन एकरांचं पाणी चार एकरांना पुरायला लागलं की लगेच चार एकर लागण होते, आणि विहिरीवरचा भार होता तेवढाच राहतो. उलट दुष्काळी वर्षात दोनऐवजी चार एकर जळतात. उसात ठिबकने ४० ते ५० टक्के पाणी वाचू शकतं, हे खरं आहे. त्या वाचलेल्या पाण्यातलं निम्मं तरी विहिरीतच राहू द्या.

अनुदान: अल्प आणि अत्यल्प भूधारकांना केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के, राज्याच्या पूरक अनुदानासह ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. हे टक्के सरकारी मापदंडावर मोजतात, दुकानाच्या बिलावर नाही. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करा, आणि पूर्वसंमती हातात येईपर्यंत खरेदी करू नका.

पाणीच नाही. ज्वारी तरी येईल का?

येईल. यावर मला भरभरून लिहायचं आहे, कारण हीच आपल्या जिल्ह्याची खरी विद्या आहे. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राचं काम १९३० च्या दशकापासून चालू आहे, आणि देशभर गेलेली मालदांडी एम ३५-१ ही निवड आपल्या मोहोळची. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

मालदांडीचं पाणी विहिरीत नसतं, मातीत असतं. मीटरभर खोल काळ्या रानात २०० मिलिमीटरच्या आसपास ओल मावते, म्हणजे एकरी आठ लाख लिटर. विजेचं बिल नाही, मोटर जळत नाही. फक्त ती ओल आत घालता आली पाहिजे आणि आत ठेवता आली पाहिजे.

आत घालण्यासाठी जुलै-ऑगस्टमध्ये उताराला आडवी मशागत करून रानात लहान लहान बंदिस्त वाफे पाडायचे. प्रत्येक वाफ्याने आपला पाऊस आपल्याच पोटात जिरवायचा. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, त्याआधी वाफे मोडून. मी एका वर्षी निम्म्या रानात वाफे केले, निम्म्यात आळस केला. जानेवारीत बांधावरून बघितलं तर रेघ मारल्यासारखा फरक होता: इकडे कणसं भरलेली, तिकडे ताटं गुडघ्याच्या वर जेमतेम आणि पानं सुरळी झालेली.

ओल ठेवण्यासाठी कोळपणी. पीक तीन आठवड्यांचं झालं की फटीच्या कोळप्याने, पाचव्या आठवड्यात पासेच्या, आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने. काळी जमीन वाळली की तडकते, आणि त्या भेगांतून खालची ओल उडते. कोळप्याने भुसभुशीत माती भेगांत पडते, तोंड बुजतं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुनी माणसं म्हणत ते यासाठीच. आणि एकच पाणी द्यायची सोय असेल, तर ते पीक पोटरीत (कणीस बाहेर पडायच्या आधी) असताना, ५० ते ५५ दिवसांनी द्या.

हलक्या, मुरमाड रानात हे जमणार नाही. तिथे खरिपात बाजरी, तूर, हुलगा किंवा मटकी बघा.

शेततळं घ्यावं का?

३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात, एकास एक उताराने, सुमारे २२ लाख लिटर पाणी बसतं. तेवढं पाणी डाळिंबाच्या बागेचा उन्हाळा काढायला मोठा आधार आहे. पण तळं भरणार कशाने, हे आधी ठरवा. वाहून जाणाऱ्या पावसाने भरत असेल तर जरूर घ्या. विहिरीतून आणि बोअरमधून उपसून तळं भरणं म्हणजे सावलीतलं पाणी उन्हात ठेवणं. उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडालं, तरी ९०० चौरस मीटरवरून रोज सात हजार लिटर जातात. शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणीही त्यात ओढलं जातं, आणि मग बांधावरची भांडणं सुरू होतात. तळ्याला कुंपण मात्र हवंच. प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरला की लहान मूल वर येऊ शकत नाही. दोऱ्या आणि टायर सोडून ठेवा.

पाणी कमी पडलं तर बाग कशी जगवायची?

आधी फळं कमी करा किंवा त्या वर्षी बहार धरूच नका. खोडाभोवती पाचट किंवा वाळलेलं गवत जाड थराने पसरा. पाणी रात्री किंवा पहाटे द्या. झाड जगलं तर पुढच्या वर्षी फळ आहे.

कालव्याचं पाणी भरपूर आहे, मग जास्त दिलं तर काय बिघडतं?

जमीन बिघडते. काळ्या रानाला निचरा कमी, सतत भिजवलं की खालचे क्षार वर येतात. भीमाकाठी पांढरी पडलेली रानं बघून या.

दुष्काळ जाहीर झाला म्हणजे नेमकं काय मिळतं?

पूर्वी सगळं पैसेवारीवर, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं या अंदाजावर, चालायचं, ५० पैशांच्या आत आली की दुष्काळ. केंद्राच्या २०१६ च्या संहितेनंतर पाऊस, पिकांची उपग्रहावरून दिसणारी स्थिती, मातीतली ओल, भूजल अशा निकषांवर तालुके ठरतात. २०२३ मध्ये राज्यातले ४० तालुके जाहीर झाले, त्यांत आपले पाच होते: बार्शी, माढा, करमाळा, माळशिरस आणि सांगोला. सवलती अशा: जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन आणि वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी, रोजगार हमीच्या निकषांत ढील, पिण्याच्या पाण्याचे टँकर. यादी फोनमध्ये ठेवा. आमच्या गावात एका घराची वीज दुष्काळ जाहीर असताना तोडली गेली, कारण सवलत आहे हे त्या माउलीला कोणी सांगितलंच नव्हतं.

आईने १९७२ साली दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. त्याच दुष्काळातून आपली रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. कामाची मागणी करणं हा हक्क आहे. ग्रामपंचायतीत लेखी मागणी द्या आणि पोच घ्या.

गावाचा पाण्याचा ताळेबंद कधी मांडायचा?

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, रब्बीची लागण ठरायच्या आधी. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबरात मोजतेच, ती मागून घ्या. गावातल्या दहा विहिरी स्वतः मोजा. तलावात, बंधाऱ्यात किती आहे ते लिहा. त्यातून आधी माणसांचं आणि जनावरांचं जूनअखेरपर्यंतचं पाणी बाजूला काढा. उरलेल्या लाख लिटरना पिकांच्या गरजेने भागा, क्षेत्र निघेल. आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा. ग्रामसभेत बायकांना पुढे बसवा, हंडे कोण वाहतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) कधी टाकायचे?

परतीच्या पावसाचं पाणी वाहतं आहे तोवर. लवकर टाकले तर पुराने बंधाऱ्याला धोका आणि गाळ अडतो, उशीर झाला तर नदीच संपते. त्यासाठी बर्गे मेमध्येच मोजून ठेवा. आमच्याकडे दर वर्षी पाच-सहा कमी भरतात, काही वाकलेले निघतात, आणि ते कळतं नेमकं सप्टेंबरात. बर्ग्यांच्या दोन ओळींच्या मधे भरायची काळी मातीही काठावर आधी आणून टाका. पाऊस सुरू झाल्यावर ट्रॅक्टर तिथवर जात नाही.